'सर्व्हर डाऊन' नव्हे, दोन किलोबाइटची फाईल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉलेजची प्रवेश यादी, पतसंस्थेची नोटीस, यात्रेचे वेळापत्रक किंवा केळीचे भाव, यांतले काहीही जाहीर झाले आणि साईट उघडली नाही की आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पानांवर 'सर्व्हर डाऊन' असे दोन शब्द छापून येतात. वाचक समजतो गर्दी झाली असेल. संस्थाही तेच सांगते, कारण त्यात कुणाची चूक निघत नाही. पण सर्व्हर खरोखर बंद पडला तर त्याच्यावरच्या सगळ्याच साईट बंद पडतात, आणि शेअर्ड होस्टिंगच्या, म्हणजे साईट ठेवायच्या सामायिक भाड्याच्या जागेच्या, एका यंत्रावर शेकडो साईट असतात. त्या चालू आणि ही एकच बंद, म्हणजे बिघाड यंत्रात नाही, या साईटच्या फोल्डरात आहे. साईट वर्डप्रेस या साईट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर असेल तर पहिला संशय वेग वाढवायला बसवलेल्या कॅशिंग प्लगइनवर (वर्डप्रेसला जोडायच्या सॉफ्टवेअरवर) घ्यावा, आणि त्याने सर्व्हरच्या सूचना-फाइलीत काय लिहून ठेवले आहे ते पाहावे. पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच झाली तर टीकाटिप्पणीला लावावी, फाइलींच्या नावांना आणि आकड्यांना नको.

आधी 'कॅश' म्हणजे काय ते. सराफ बाजारातली कॅश ती वेगळी. वर्डप्रेसचे पान मागितले की दर वेळी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे ती) चालते, डेटाबेसला डझनावारी प्रश्न विचारते आणि पान रचून देते. कॅशिंग प्लगइन ते रचलेले पान एकदा एचटीएमएल फाइलीत उतरवून ठेवते आणि पुढच्या माणसाला तीच तयार फाईल देते. बाजार समितीतला कारकून प्रत्येक शेतकऱ्याला तोंडी भाव सांगत बसण्याऐवजी फळ्यावर लिहून टाकतो, तसेच. इथवर ठीक. पण आणखी वेग हवा म्हणून प्लगइन फाटकावरच्या वॉचमनलाही चिठ्ठी देऊन ठेवते: कुणी आले तर आत कारकुनाकडे सोडू नकोस, बाहेरूनच फळा दाखव. हा वॉचमन म्हणजे अपाचे हा वेब सर्व्हर आणि ती चिठ्ठी म्हणजे डॉट एचटीअॅक्सेस ही फाईल. उद्या कारकुनाला कामावरून काढले तरी चिठ्ठी वॉचमनच्या खिशातच राहते. प्लगइन काढून टाकले म्हणजे त्याने दुसऱ्यांच्या वहीत लिहिलेले पुसले जात नाही, हे लक्षात न घेतल्यामुळेच पंधरा मिनिटांची दुरुस्ती दोन-दोन दिवस चालते.

प्लगइन लिहिते कुठे कुठे? डॉट एचटीअॅक्सेस साईटच्या मूळ फोल्डरात असते, बहुधा पब्लिक-एचटीएमएलमध्ये. नाव टिंबाने सुरू होते म्हणून सी-पॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण-पॅनेलच्या फाईल मॅनेजरमध्ये ती लपलेली असते; सेटिंग्जमध्ये जाऊन 'शो हिडन फाइल्स'वर खूण केली की दिसते. दुसरी जागा डब्ल्यूपी-कॉन्फिग डॉट पीएचपी, ही वर्डप्रेसची मुख्य सेटिंग-फाईल. तिच्यात डब्ल्यूपी-कॅश 'ट्रू' अशी एक ओळ घातली जाते. तिसरी जागा डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर. तिथे अॅडव्हान्स्ड-कॅश, ऑब्जेक्ट-कॅश आणि डीबी अशा नावांच्या पीएचपी फाइली येऊन बसतात. यांना ड्रॉप-इन म्हणतात. नेहमीच्या प्लगइनसारखे त्यांना चालू-बंद करण्याचे बटण नसते. ऑब्जेक्ट-कॅश आणि डीबी या तर जागेवर असल्या की वर्डप्रेस वाचतेच, त्यांना आणणारे प्लगइन असो वा नसो. आणि त्याच फोल्डरात कॅश नावाचा फोल्डर असतो, तो आपला फळा.

आता दुरुस्ती. 'भाऊ, साईट बंद पडनी' एवढ्या निरोपावर काही ठरवता येत नाही. पडद्यावर आकडा कोणता आला ते विचारावे. 500, म्हणजे सर्व्हरला आतून काम पुरे करता आले नाही, असा आला असेल तर पहिली चाचणी सोपी आहे: तपास डॉट टीएक्सटी अशी एका शब्दाची साधी फाईल मूळ फोल्डरात टाकावी आणि ब्राउझरमध्ये तिचा पत्ता उघडावा. तीसुद्धा 500 देत असेल तर पीएचपीपर्यंत प्रकरण पोचलेलेच नाही, वॉचमनची चिठ्ठी बिघडली आहे. ती नीट उघडली आणि साईटची पाने मात्र 500 देतात, कोरी येतात किंवा 'क्रिटिकल एरर'चा संदेश देतात, तर डब्ल्यूपी-कॉन्फिग, ड्रॉप-इन किंवा खुद्द एखादे प्लगइन बिघडले आहे. या एका चाचणीने निम्मी शोधाशोध वाचते. तरी ती सोडून लोक प्लगइन पुन्हा बसवायला धावतात आणि बिघडलेल्या फाइलीत आणखी चार ओळींची भर पडते.

चिठ्ठी बिघडलेली निघाली तर फाईल खोडू नये, नाव बदलावे. नवे नावही टिंब-एचटीनेच सुरू होऊ द्यावे, म्हणजे डॉट एचटीअॅक्सेस-जुनी असे काहीतरी. अपाचेच्या मूळ मांडणीत टिंब-एचटीने सुरू होणारी फाईल बाहेरच्या माणसाला दाखवली जात नाही, ती सोय फुकट का घालवा? नाव बदलताच मुखपृष्ठ उघडेल आणि आतली पाने 404, म्हणजे 'पान सापडले नाही', देतील. घाबरू नये, हे अपेक्षितच आहे. आता वर्डप्रेसच्या व्यवस्थापनात (डॅशबोर्डवर) जाऊन सेटिंग्ज, मग पर्मालिंक्स उघडावे आणि काहीही न बदलता 'सेव्ह चेंजेस' दाबावे. वर्डप्रेस आपल्या वाट्याच्या ओळींची नवी फाईल लिहून देते आणि आतली पाने परत येतात. नवी फाईल तयारच झाली नाही तर फोल्डरवर लिहिण्याची परवानगी आहे का ते पाहावे. फोल्डरला 755, फाइलीला 644. कुणी फोनवर 777 करा म्हणेल, ते ऐकू नये.

एवढ्याने साईट चालू होते, पण कारण सापडलेले नसते. ते सी-पॅनेलच्या मेट्रिक्स विभागात 'एरर्स'मध्ये लिहिलेले असते. या नोंदवहीत 'इनव्हॅलिड कमांड' असे शब्द दिसले की त्यापुढची आज्ञा वाचावी. पीएचपी-व्हॅल्यू असेल तर ती ओळ अपाचेच्या आत चालणाऱ्या पीएचपीसाठी आहे. आजकाल बहुतेक ठिकाणी पीएचपी वेगळी चालते, अपाचेला ती आज्ञा कळत नाही, आणि न कळलेली एक आज्ञा म्हणजे पूर्ण साईटला 500. एक्स्पायर्स किंवा हेडर अशा आज्ञा असतील तर सर्व्हरवर ते मोड्यूल (अपाचेचा जोड-भाग) चालू नाही. चांगल्या प्लगइनने अशा ओळी इफ-मोड्यूलच्या कंसात लिहिलेल्या असतात, म्हणजे मोड्यूल नसेल तर त्या गुपचूप वगळल्या जातात. हाताने चिकटवलेल्या ओळींना हा कंस नसतो. 'ऑप्शन नॉट अलाउड हिअर' आले तर होस्टिंगवाल्याने ती आज्ञा या फाइलीतून द्यायला मनाई केली आहे. ती ओळ काढणे एवढाच उपाय.

नोटपॅडची एक खोड मराठी माणसाला जास्त बाधते. टिपण मराठीत लिहिले की फाईल यूटीएफ-8 मध्ये साठवावी लागते, आणि जुन्या विंडोजचे नोटपॅड यूटीएफ-8 म्हटले की फाइलीच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालते. डोळ्यांना पहिली ओळ निर्दोष दिसते, अपाचे मात्र तिथेच अडखळतो आणि नोंदवहीत 'इनव्हॅलिड कमांड'पुढे अगम्य चिन्हे छापतो. हेच तीन बाइट डब्ल्यूपी-कॉन्फिगच्या डोक्यावर बसले तर 'हेडर्स ऑलरेडी सेंट' अशी तक्रार येते आणि लॉगिन होत नाही. वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हेही अशीच, पीएचपीला ती अवतरणे वाटतच नाहीत.

नोंदवहीतही काही मिळाले नाही तर जुन्या फाइलीच्या प्रतीवर अर्ध्या-अर्ध्याने काम करावे. खालच्या अर्ध्या ओळींपुढे हॅशची खूण टाकून त्या निष्क्रिय करायच्या आणि पान उघडून पाहायचे. उघडले तर दोष खालच्या अर्ध्यात, नाही उघडले तर वरच्या. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. मात्र उघडणारा आणि मिटणारा इफ-मोड्यूल वेगवेगळ्या अर्ध्यांत जाऊ देऊ नये, नाहीतर आपणच नवा 500 तयार करतो. शंभर ओळींची फाईल सात फेऱ्यांत एका ओळीवर येते.

डॉट एचटीअॅक्सेस शून्य बाइटची निघाली, तर प्लगइनला दोष देण्याआधी होस्टिंगची जागा पाहावी. कॅशच्या हजारो फाइलींनी कोटा भरला की लिहायला उघडलेली फाईल कोरीच राहू शकते. अशा वेळी लक्षण ठरलेले: मुखपृष्ठ दिसते, आतले सगळे 404. कॅश फोल्डरातला मजकूर उडवून जागा मोकळी करावी आणि मगच पर्मालिंक्स सेव्ह करावे. उलट्या क्रमाने केले तर पुन्हा कोरी फाईल.

ओळींच्या क्रमाबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण क्रम चुकला तर 500 येत नाही, साईट चालते आणि चुकीची चालते. वर्डप्रेसच्या ओळी 'बिगिन वर्डप्रेस' आणि 'एंड वर्डप्रेस' या दोन खुणांच्या मध्ये असतात. त्यांचा मथितार्थ इतकाच: मागितलेली वस्तू खरोखरची फाईल नसेल, फोल्डरही नसेल, तर इंडेक्स डॉट पीएचपीकडे पाठव. म्हणजे ही शेवटची चौकी. कॅशचे नियम तिच्या वर असायला हवेत. खाली गेले तर तिथवर कुणी पोचतच नाही, आणि प्लगइन बसवूनही साईट होती तेवढीच संथ राहते. साध्या एचटीटीपी पत्त्यावरून सुरक्षित एचटीटीपीएसकडे वळवणारा नियम कॅशच्याही वर हवा. नाहीतर फळ्यावर पान तयार असेल तेव्हा वॉचमन ते तसेच असुरक्षित पत्त्यावर देऊन मोकळा होतो. आणि स्वतःचा कुठलाही नियम वर्डप्रेसच्या त्या दोन खुणांच्या आत लिहू नये. पुढच्या वेळी कुणी पर्मालिंक्स सेव्ह केले की वर्डप्रेस मधला मजकूर नव्याने लिहिते आणि आपली ओळ गायब. 'प्लगइनने माझी ओळ खाल्ली' या तक्रारीत पुष्कळदा खाणारे प्लगइन नसून वर्डप्रेसच असते.

'टू मेनी रीडायरेक्ट्स' हे याच कुटुंबातले दुखणे. मध्ये सीडीएन, म्हणजे पाहुणा आणि आपला सर्व्हर यांच्यामधली पाने पोचवणारी सेवा, असेल आणि ते पाहुण्याशी एचटीटीपीएसने पण आपल्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलत असेल, तर सर्व्हर दर वेळी 'सुरक्षित पत्त्यावर जा' म्हणतो, सीडीएन पुन्हा साध्याच वाटेने येते आणि चक्र सुटत नाही. सर्व्हरवर प्रमाणपत्र बसवून सीडीएनला पूर्ण वाटेवर एचटीटीपीएस करायला लावणे हा सरळ उपाय. दुरुस्तीनंतर तपासणी ब्राउझरच्या खासगी खिडकीत करावी. 301 चे वळण, म्हणजे 'कायमचे त्या पत्त्यावर जा' ही सूचना, ब्राउझर लक्षात ठेवतो आणि नीट झालेली साईटही आपल्याला बिघडलेलीच दाखवतो.

जुनी फाईल फेकून एखाद्या व्हिडिओतली 'स्वच्छ' फाईल चिकटवण्याची पद्धत फार आहे. त्यात एक ओळ हमखास जाते. सी-पॅनेलमधून पीएचपीची आवृत्ती निवडली की पीएचपीच्या फाइली कोणत्या आवृत्तीने चालवायच्या हे सांगणारी अॅड-हँडलर ओळ याच फाइलीत, बहुधा तळाला, 'सी-पॅनेल-जनरेटेड' अशा खुणांमध्ये लिहिली जाते. ती गेली की साईट सर्व्हरच्या ठरलेल्या आवृत्तीवर घसरते आणि जुनी थीम कोसळते. उलट, एका होस्टिंगवरची फाईल दुसऱ्या होस्टिंगवर जशीच्या तशी नेली आणि तिथे त्या नावाचा हँडलर नसला, तर पान उघडण्याऐवजी पीएचपीची फाईलच डाऊनलोड होऊ लागते. तो प्रकार दिसला तर एक मिनिटही थांबू नये, कारण त्या फाइलीत काय आहे ते सगळ्या जगाला वाचता येत असते.

आता फळा न पुसल्याचा त्रास. रावेर-यावलच्या एखाद्या व्यापारी संस्थेच्या साईटवर केळीचा आजचा भाव भरला, भरणाऱ्याला तो दिसतो, शेतकऱ्याला मात्र तीन दिवसांपूर्वीचा दिसतो. दोघेही खरे बोलत असतात. कॅशच्या नियमात अट असते की लॉगिनची कुकी (ब्राउझरने जपलेली खूण) असलेल्या माणसाला फळा दाखवायचा नाही, त्याला आत सोडायचे. भाव भरणारा लॉगिन केलेला, म्हणून त्याला ताजे पान. खात्री करायची युक्ती: लॉगिन नसलेल्या खिडकीत पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन काहीही जोडावे, जसे 'ए बरोबर 1'. प्रश्नचिन्ह असलेल्या पत्त्याला हे नियम बहुधा लागत नाहीत. असे केल्यावर नवा भाव दिसला की दोष जुन्या कॅश फाइलीचा. पानाचा सोर्स उघडून अगदी तळाशी पाहिले तर बऱ्याच प्लगइननी तिथे स्वतःचे नाव आणि पान तयार केल्याची वेळ टिपणात सोडलेली असते. प्लगइन काढून महिना झाला आणि तळाला त्याचे नाव अजून येते, म्हणजे चिठ्ठी आणि फळा दोन्ही शिल्लक आहेत.

हे कसे होते? व्यवस्थापन उघडत नाही म्हणून प्लगइनच्या फोल्डरचे नाव एफटीपीने, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइलींना बाहेरून हात घालायच्या सोयीने, बदलतात. आणीबाणीत तो मार्ग योग्यच आहे. पण 'डीअॅक्टिव्हेट' दाबल्यावर प्लगइनचा जो निरोप-समारंभ होतो, म्हणजे नियम काढणे, डब्ल्यूपी-कॅशची ओळ मिटवणे, ड्रॉप-इन उचलणे, तो यात होतच नाही. मग ते हाताने करावे लागते. डॉट एचटीअॅक्सेसमधला त्या प्लगइनच्या 'बिगिन' ते 'एंड' खुणांमधला भाग काढावा. खुणेत नाव असतेच: डब्ल्यूपी सुपर कॅश, डब्ल्यू-3 टोटल कॅश, डब्ल्यूपी रॉकेट, लाइटस्पीडसाठी एलएस-कॅश. एकाच प्लगइनचे दोन-तीन भागही असू शकतात, एक पानांचा, एक ब्राउझर-कॅशचा. सगळे शोधावेत. मग डब्ल्यूपी-कॉन्फिगमधली ओळ, मग ड्रॉप-इन, शेवटी कॅश फोल्डरातला मजकूर. व्यवस्थापन उघडत असेल तर क्रम साधा: प्लगइनच्या सेटिंगमधून कॅश रिकामी करा, पेज-कॅश बंद करून सेव्ह करा, डीअॅक्टिव्हेट, मग डिलीट, आणि तरीही वरच्या चारही जागा डोळ्यांनी पाहा.

डब्ल्यूपी-कॉन्फिगला हात लावताना दोन गोष्टींत चूक परवडत नाही. डॉट एचटीअॅक्सेसचे नाव बदलून पाहिले तसे या फाइलीचे नाव कधीही बदलू नये. ती जागेवर नसली की वर्डप्रेस समजते नवीन साईट आहे, आणि येणाऱ्या कुणालाही डेटाबेसची माहिती विचारणारा सुरुवातीचा फॉर्म दाखवते. अशा उघड्या फॉर्मच्या शोधात यंत्रे चोवीस तास फिरत असतात. तो भरणारा स्वतःच्या डेटाबेसची माहिती घालून साईटचा मालक होतो. दुसरे, प्रत ठेवताना शेवटी डॉट बाक किंवा डॉट टीएक्सटी लावून त्याच फोल्डरात ठेवू नये. ती साधी मजकुराची फाईल म्हणून उघडते आणि डेटाबेसचा पासवर्ड वाचायला मिळतो. प्रत पब्लिक-एचटीएमएलच्या बाहेर ठेवावी.

त्या फाइलीतली डब्ल्यूपी-कॅशची ओळ डब्ल्यूपी-सेटिंग्ज बोलावणाऱ्या शेवटच्या ओळीच्या वर असते, आणि एकदाच असावी. दोन कॅशिंग प्लगइन लागोपाठ बसवल्यावर ती दोनदा आलेली सापडते. डब्ल्यूपी सुपर कॅश आणखी एक ओळ घालते, तिच्यात प्लगइनचा सर्व्हरवरचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. होस्टिंग बदलले की मार्ग बदलतो, ओळ तीच राहते. ऑब्जेक्ट-कॅशचा त्रास वेगळा. ती रेडिस किंवा मेमकॅश्ड या, माहिती मेमरीत जपणाऱ्या, सेवेशी बोलते, आणि ती सेवा नव्या होस्टिंगवर नसली तर प्लगइन बंद करूनही साईट उठत नाही. फाइलीचे नाव बदलताच उठते. 2019 च्या 5.2 आवृत्तीपासून मोठा बिघाड झाला की वर्डप्रेस व्यवस्थापकाला सुटकेच्या दुव्याची मेल पाठवते, ही चांगली सोय. पण ती मेल कुठे जाते? साईट बनवून देऊन केव्हाच पुण्याला निघून गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर.

पानावर अगम्य अक्षरांचा सडा आला किंवा ब्राउझर 'डिकोडिंग'ची तक्रार करू लागला तर प्लगइन आणि सर्व्हर दोघेही पान दाबून पाठवत आहेत. एकाचे कॉम्प्रेशन बंद करावे. चौकशीचा किंवा नोंदणीचा फॉर्म सकाळी चालतो आणि काही तासांनी नाकारला जातो, तर कॅशचे आयुष्य पाहावे. फॉर्ममधले वर्डप्रेसचे गुप्त टोकन 12 ते 24 तासच चालते, म्हणून फॉर्म असलेल्या पानांची कॅश 10 तासांच्या वर ठेवू नये, किंवा ती पाने कॅशमधून वगळावीत.

आपल्याकडच्या शिक्षण संस्थांत एक मांडणी नेहमी दिसते: मुख्य साईट मूळ फोल्डरात आणि प्रवेशाची वेगळी वर्डप्रेस साईट तिच्याच पोटातल्या फोल्डरात. प्रवेशाच्या साईटवर कॅशिंग प्लगइन नसतानाही ती बंद पडते तेव्हा सगळे चक्रावतात. डॉट एचटीअॅक्सेस खालच्या सगळ्या फोल्डरांना लागू होते. पोटातल्या साईटची स्वतःची फाईल असेल तर वळणांचे नियम तिचे चालतात, पण हेडर, एक्स्पायर्स, पीएचपीच्या आज्ञा वरच्या फाइलीतूनही उतरतात. आणि वरच्या फाइलीत एक ओळ चुकली तर 500 दोघींनाही. म्हणून आपल्या फोल्डरात दोष सापडला नाही तर एक पायरी वर चढून पाहावे, पब्लिक-एचटीएमएलच्याही वर.

स्वतःचा सर्व्हर घेऊन त्यावर अपाचेऐवजी इंजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर चालवणाऱ्यांचे गणित निराळे. इंजिनएक्स डॉट एचटीअॅक्सेस वाचतच नाही. म्हणून काही प्लगइन साईटच्या फोल्डरात इंजिनएक्स डॉट कॉन्फ अशी फाईल लिहितात आणि सर्व्हरच्या मुख्य मांडणीतून ती 'इन्क्लूड' करायला सांगतात. यातला धोका उशिरा उघडा पडतो. फाइलीत चूक असताना रीलोड केले तर इंजिनएक्स नवी मांडणी नाकारते आणि जुन्यावर चालत राहते. साईट ठणठणीत दिसते. मग चार दिवसांनी मध्यरात्री यंत्र रीबूट होते आणि इंजिनएक्स उठतच नाही, त्यावरच्या सगळ्या साईटसकट. त्या रात्री कुणी काहीच केलेले नसते, म्हणून कारण सापडत नाही. प्लगइन काढताना ती फाईल उडाली आणि इन्क्लूडची ओळ राहिली तरी हेच. इन्क्लूडच्या नावात तारांकन वापरले तर फाईल नसणे ही चूक धरली जात नाही, पूर्ण नाव लिहिले तर धरली जाते. प्लगइनच्या प्रत्येक सेव्हनंतर इंजिनएक्सची 'हायफन टी' चाचणी चालवावी, ती पास झाली तरच रीलोड. माझे स्पष्ट मत, ही फाईल थेट इन्क्लूड करूच नये. ज्या फाइलीत पीएचपी लिहू शकते ती सर्व्हरच्या मांडणीचा भाग करणे म्हणजे साईट फोडणाऱ्याच्या हाती सर्व्हर देणे. प्लगइनने सुचवलेले नियम वाचून, कळतील तेवढेच ईटीसी फोल्डरातल्या मांडणीत हाताने उतरवावेत.

एका साईटवर एकच कॅशिंग प्लगइन, आणि होस्टिंगवाल्याची स्वतःची सर्व्हर-कॅश चालू असेल तर कदाचित एकही नको. बसवण्याआधी डॉट एचटीअॅक्सेस आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग या दोन्हींच्या प्रती आपल्या संगणकावर उतरवाव्यात, नावात तारीख घालून. सगळे नीट बसले की डॉट एचटीअॅक्सेसला 444 ची परवानगी द्यावी, म्हणजे फाईल फक्त वाचता येते. मग पर्मालिंक्स सेव्ह केले तर वर्डप्रेस स्वतः न लिहिता मजकूर पडद्यावर देते आणि हाताने चिकटवायला सांगते. गैरसोय आहे, पण प्रवेशाच्या आठवड्यात ही गैरसोय चालेल. त्या आठवड्यात प्लगइनचे अपडेटही करू नये. सारंगखेड्याची यात्रा भरल्यावर कुणी रस्ता खणायला घेत नाही.

संस्थाचालकांनी साईटचे काम देताना होस्टिंगच्या पॅनेलचा पासवर्ड, डोमेनची नोंद आणि व्यवस्थापकाचा मेल-पत्ता संस्थेच्या नावावर असेल, आणि या दोन फाइलींची चालू प्रत कार्यालयात राहील, एवढे कामाच्या पत्रात लिहून घ्यावे. प्रत हातात असली तर कार्यालयातला कारकूनही फोनवर ऐकून ती जागेवर ठेवू शकतो.

आपल्या बातमीदारांना विनंती अशी की 'सर्व्हर डाऊन'च्या जागी पडद्यावरचा आकडा छापावा. 508 म्हणजे त्या खात्याला ठरवून दिलेली ताकद संपली, तिथे गर्दीचे कारण मान्य करता येईल. 503 बहुधा तसेच, मात्र 'शेड्यूल्ड मेंटेनन्स' असे शब्द असतील तर अपडेट अर्धवट राहिले आहे आणि डॉट मेंटेनन्स ही फाईल मागे उरली आहे. 500 किंवा आतल्या पानांवर 404 असेल तर प्रतिक्रिया घेताना एवढेच विचारावे: डॉट एचटीअॅक्सेस शेवटची कुणी, कोणत्या तारखेला बदलली? फाईल मॅनेजरमध्ये तारीख त्या फाइलीच्या नावासमोरच असते.

कळावे,
आपला,
साईट-देखभालीचे काम करणारा एक वाचक, जळगाव